काकांनी मत मागितलंय, मत द्या

ताई, नमस्कार.

मी नागपूरची, वय ४३. धरमपेठेत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमचा लेखनवर्ग भरतो. यंदा सरांनी विषय दिला : आजारपण, म्हातारपण, मरण. एकाने लिहून आणायचं, मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी अर्धं पान प्रतिसाद लिहून त्याच्या हातात द्यायचा, अशी पद्धत आहे.

आमच्यात ७१ वर्षांचे एक काका आहेत, निवृत्त पोस्टमास्तर. दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. त्यांनी मे महिन्यातल्या एका दिवसावर लिहिलं. मी प्रतिसाद दिला, ‘काका, फार सुंदर, डोळ्यांत पाणी आलं.’ त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘पाणी तं येईलच नं, पण लिहिलेलं कसं आहे ते सांग.’ मला उत्तरच देता आलं नाही. खरं म्हणजे त्यांचं दुसरं पान मला कंटाळवाणं वाटलं होतं. पण असं कोणी सांगते का अशा माणसाला?

सगळ्यांचं असंच होऊन राहिलं आहे. कोणी त्यांना संत्री आणून देते, कोणी ‘तुम्ही खरे फायटर’ लिहिते. सिकलसेल असलेली एक मुलगी आहे, ती काहीही वाचो, सगळे म्हणतात ‘तू किती हसरी आहेस’. काकांच्या नव्या लेखाचं शेवटचं वाक्य आहे, ‘एक दिवस मीच म्हणीन, आता मशीन नको.’ त्यावर काय लिहू? आणि एक माझं. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्यावर लिहिलेली चार पानं पर्समध्ये घेऊन जाते आणि तशीच परत आणते.

काकांना विचारून त्यांचा पहिला लेख सोबत पाठवते आहे. त्यातलं काही तुम्ही लिहिलं तरी चालेल, असं तेच म्हणाले.

— एक विद्यार्थिनी

नमस्कार.

काकांचा लेख सावकाश वाचला. दुसरं पान कंटाळवाणं आहे, मलाही तसंच वाटलं. हे त्यांना सांगायला हवं, आणि ते तसं का झालं हेही शोधून सांगायला हवं.

आधी पहिल्या पानाकडे बघू, कारण ते फार चांगलं आहे. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला एक लिटर पातळ पदार्थांची मुभा दिली आहे. त्यात पाणी आलं, चहा आला, वरण आणि ताकही आलं. काका सकाळी एक बाटली भरून ठेवतात आणि चिकटपट्टीवर बॉलपेनने खुणा करतात : दहा वाजता कुठवर, चारला कुठवर. बाहेर ४५ अंश. मुलगा अंगणातून पाइप ओढून कूलर भरतो आहे, आणि काका लिहितात, ‘कूलरला चार बादल्या, मला एक बाटली.’ मग ते आंघोळीला जातात आणि आतून त्यांना माठाचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. ते बाथरूममध्ये गेले, की काकू पाणी पितात. त्यावर काकांनी एक शब्दही भाष्य केलेलं नाही. पुढच्या ओळीत ते दाढी करायला लागतात.

ज्या माणसाला हे असं लिहिता येतं, त्याला ‘फार सुंदर’ या दोन शब्दांवर परत पाठवणं बरं नाही. तुमच्या मनात माया होती, हे त्यांनाही कळलं असेल. म्हणून तर तो कागद त्यांनी जपून खिशात ठेवला. पण त्यांना त्याहून जास्त काही हवं होतं आणि ते त्यांनी तोंडाने मागितलं.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाण्याची एक रीत आहे. फळं न्यायची, चार गोड शब्द बोलायचे, ‘होईल सगळं ठीक’ म्हणायचं आणि त्याला थकवा यायच्या आत उठायचं. धंतोलीतल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी पाचनंतर गेलात, तर प्रत्येक खाटेपाशी हेच चाललेलं दिसेल. ती रीत चांगली आहे, तिने माणसं तगतात. पण काकांना ती आठवडाभर मिळते. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-चार तास ते खाटेवर असतात, हाताला दोन सुया. येणारा-जाणारा, शेजारी, व्याही, सगळे त्यांच्याशी पेशंट म्हणून बोलतात. रविवारी ते जिना चढून वर येतात, आदल्या दिवशीचा शीण अंगात असताना, कारण तिथे त्यांना पेशंट राहायचं नसतं. त्यांना लिहिणारा माणूस व्हायचं असतं. तुम्ही सगळे मिळून त्यांना पुन्हा खाटेवर नेऊन झोपवता.

आता दुसरं पान. तिथे बाटली, कूलर, काकू सगळं मागे राहतं आणि काका सांगू लागतात की मूत्रपिंडाचं कार्य काय, रक्त गाळलं कसं जातं, डायलायझर म्हणजे काय. यात चूक एकही नाही. पण हा मजकूर कोणीही लिहू शकला असता. असं का झालं असेल याचा माझा अंदाज सांगते. पहिल्या पानावर ते स्वतःच्या तहानेच्या फार जवळ गेले आणि मग त्यांनी जरा लांब उभं राहायची जागा शोधली. आजारपणावर लिहिणाऱ्या पुष्कळांचं असं होतं : जिथे दुखतं तिथे माणूस माहिती द्यायला लागतो. हे त्यांना जसंच्या तसं सांगू नका, तो आपला तर्क झाला. तुमचं लक्ष नेमकं कुठे सुटलं, एवढंच सांगा.

त्याच पानात मध्येच एक ओळ दडून बसली आहे. नात त्यांच्या फिस्टुलाच्या हाताला कान लावते आणि म्हणते, ‘आजोबा, तुमच्या हातात गाडी चालू आहे.’ डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने जोडतात, तो फिस्टुला. तिथे रक्त जोरात वाहतं, त्यामुळे खरंच घरघर ऐकू येते. एवढी मोलाची ओळ आणि तिला जागा एका वाक्याची, डायलायझरला मात्र दीड परिच्छेद.

मी तुमच्या जागी असते, तर अर्ध्या पानात साधारण हे लिहिलं असतं :

‘काका, माठाच्या झाकणापाशी मी थांबले. काकू तुमच्यासमोर पाणी पीत नाहीत, हे तुम्ही कुठेच म्हटलं नाही, तरी मला कळलं. तिथे तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते मला फार आवडलं. दुसऱ्या पानावर मशीनची माहिती सुरू झाली आणि माझं लक्ष उडालं. नात हाताला कान लावते तिथे परत आलं, पण ते एका ओळीत संपलं. तिला तुम्ही काय उत्तर दिलंत? आणि तुम्ही आत असता ते चार तास काकू कुठे बसतात?’

बघा, यात ‘सुंदर’ नाही आणि ‘कंटाळवाणं’ही नाही. कुठे थांबले, कुठे सुटले आणि काय विचारावंसं वाटलं, एवढंच आहे. हे वाचून काकांना त्या संध्याकाळी पुन्हा लिहायला बसता येईल. लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही दुसरं काय देणार?

अशी माणसं कोमल असतात, त्यांना टोचेल, असं तुम्हाला वाटत असणार. टोचू शकतं. म्हणून क्रम सांभाळा, आवाज सांभाळा, आणि वाचन संपल्याबरोबर कागद पुढे करू नका. दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. पण आजारी आहे म्हणून एखाद्याचं लिखाण तपासायचंच नाही, यात मला दया दिसते आणि थोडा अव्हेरही दिसतो. आपण त्याला न सांगता कळवतो की तुझ्याकडून आता आमची काही अपेक्षा नाही. ७१ वर्षांच्या, आयुष्यभर हिशेबाला चोख असलेल्या पोस्टमास्तरला हे लगेच कळतं.

तुमच्या वर्गाची पद्धत तुमच्या सरांनी कुठून घेतली, ठाऊक नाही, पण तशीच एक पद्धत डॉक्टरांच्या शिक्षणात आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रीटा शॅरॉन यांनी १९९३ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णांबद्दल एक वेगळी वही लिहायला लावली. केसपेपरवर जे लिहिता येत नाही ते तिथे लिहायचं. समजा, एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाच्या खोलीत शिरलं की स्वतःचे वारलेले आजोबा आठवून रडू येतं, तर ते केसपेपरवर कुठे लिहिणार? मग ते लिखाण वर्गात वाचून दाखवायचं. ऐकणारे सोबती लिहिणाऱ्याचं सांत्वन करायला धावत नाहीत. ते आधी लिखाणाकडे बघतात : कोण बोलतंय, काळ कसा सरकतोय, कुठलं चित्र पुन्हा पुन्हा येतंय. आपल्याकडेही २०१९ साली बदललेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आला आणि त्यात अनुभवांवर लिहिणं आलं. मेडिकल आणि मेयो या तुमच्या नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली मुलंही हाच अभ्यासक्रम शिकतात. तेव्हा तुम्ही रविवारी जे करता ते हौसेचं काम समजू नका.

संत्र्यांचं मात्र तातडीने थांबवा. नागपुरात संत्री देणं म्हणजे प्रेम, हे मला सांगायला नको. पण शरीरातलं जादा पोटॅशियम बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. ते बंद पडलं की पोटॅशियम रक्तात साठतं आणि फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते, जीवही जाऊ शकतो. संत्रं, केळं, नारळपाणी, या सगळ्यांत ते भरपूर असतं. काकांना किती चालतं ते त्यांचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील. ‘काका, उन्हाळ्यात नारळपाणी घ्या’ असं प्रतिसादाच्या कागदावर लिहिणारा माणूस चांगल्या मनानेच लिहितो, आणि तरी ते घातक ठरू शकतं. वर्गात उपाय सुचवायचे नाहीत, असा सरळ नियम करा. कुणाचा काढा, कुणाचा बाबा, कुणाच्या ओळखीचे पुण्याचे डॉक्टर, काहीही नको. ‘फायटर’ही नको. उद्या काका गेले, तर ते लढले नाहीत म्हणून गेले असं म्हणायचं का?

सिकलसेलच्या मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मला तिची जास्त काळजी वाटली. या आजारात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, छातीत कळा येतात. कळांचा असा झटका, म्हणजे क्रायसिस, आला की तरणी पोरं लोळण घेतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही, म्हणून घरी, कॉलेजात, कधी दवाखान्यातही त्यांच्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तिने कळांबद्दल लिहिलं असेल आणि वर्गाने तिला हसरी म्हटलं असेल, तर इथेही तेच झालं. तिला लिहा, ‘तू लिहिलंस ते मी मानते.’ मग तिचं जे वाक्य मनात राहिलं ते उतरवा. आणखी एक. शरीरात पाणी कमी पडलं की क्रायसिस येऊ शकतो, म्हणून त्या मुलीला दिवसभर पाणी प्यायला सांगितलेलं असतं. आणि तिच्याच शेजारी काका पाणी मोजून पितात. नागपूरच्या उन्हाळ्यात एकाच खोलीत हे दोघं बसतात. या दोघांना एकमेकांच्या लेखांवर प्रतिसाद लिहायला सांगा, असं तुमच्या सरांना सुचवा. मला वाटतं, वर्गात सगळ्यात चांगला प्रतिसाद तिथून येईल.

आता ते वाक्य : ‘एक दिवस मीच म्हणीन, आता मशीन नको.’

इथे आधी कागद बाजूला ठेवायचा आणि माणसाशी बोलायचं. वर्ग सुटल्यावर, एकटे असताना, जिन्यात किंवा खाली चहाच्या टपरीवर, पण समोरासमोर विचारा. ‘काका, ते शेवटचं वाक्य तुमच्याबद्दल आहे का? सध्या तसं वाटून राहिलं आहे का? जीव नकोसा झाला आहे का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. विचारल्याने उलट माणसाला बोलायला वाट मिळते. डायलिसिसवरच्या लोकांत नैराश्य पुष्कळ आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. त्यांनी ‘हो’ म्हटलं, किंवा ते डायलिसिसची पाळी चुकवू लागले, निरवानिरवीची भाषा करू लागले, तर ही गोष्ट स्वतःपाशी ठेवू नका. त्यांना सांगून, त्यांच्या देखत, काकूंना किंवा मुलाला कळवा आणि ते कळवायला नाही म्हणाले तरी कळवा. त्यांच्या डॉक्टरांपर्यंत ते पोचलं पाहिजे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यांच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही, कारण असं ऐकून घेणाऱ्यालाही कुणीतरी लागतं.

पण कदाचित ते शांतपणे म्हणतील, ‘नाही गं, मी विचार करून लिहिलं आहे.’ तेव्हा घाबरून ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला उपचार नाकारता येतो. पुढे कधी बोलता येण्याची स्थिती राहिली नाही, तर काय करावं आणि काय करू नये, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करता येतं, आधीसारखं न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसांची नावंही त्यात लिहायची असतात. काकांनी हे घरी आणि डॉक्टरांशी बोललंय का, एवढं विचारा. बोलले नसतील, तर त्यांच्या लेखाचा पहिला वाचक वर्ग नको, मुलगा आणि काकू हवेत. वेदना आणि त्रास कमी करणारे, पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टरही अशा चर्चेत मदत करतात, त्यासाठी शेवटचे दिवस यावे लागत नाहीत.

हे सगळं झाल्यावर मग प्रतिसाद लिहा, कारण ते वाक्य लेखातलंही आहे. तुम्ही दुसरा लेख पाठवला नाहीत, त्यामुळे ते तिथे कसं येतं ते मी पाहिलेलं नाही. ते अचानक येऊन लेख संपवून टाकत असेल, तर तसं सांगा. त्यांना विचारा, तो दिवस आला तर सकाळी सगळ्यात आधी कुणाला सांगाल? काकांसारखा लिहिणारा या प्रश्नावर अख्खा लेख लिहील.

आता तुमची चार पानं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सॅन्ड्रा बील यांचा १९८६ सालचा एक प्रयोग आहे. त्यांनी कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या आघातांबद्दल लिहायला सांगितलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहून उठल्याबरोबर जास्तच उदास वाटत होतं, रक्तदाबही वाढलेला होता. पण पुढच्या सहा महिन्यांत ती मुलं आरोग्यकेंद्रात इतरांपेक्षा कमी वेळा गेली. लक्षात घ्या, त्यांचं लिखाण कुणी वाचून दाखवायला लावलं नव्हतं, त्यावर मत दिलं नव्हतं. तेव्हा बाबांवर लिहून तुम्ही जे करायचं ते एका अर्थी केलेलं आहे. वाचून दाखवणं ही वेगळी गोष्ट. ती केलीच पाहिजे असं नाही आणि केली नाही म्हणून तुम्ही वर्गात कमी ठरत नाही.

तरी पर्समधून पानं दर रविवारी जाऊन येतात, म्हणजे ती कुणीतरी ऐकावीत असं तुम्हाला वाटतंय. मग चारही पानं नका वाचू. एक निवडा, सगळ्यात दुःखाचं नको, तुम्हाला जे नीट जमलंय असं वाटतं ते. सरांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की आवाज अडकला, तर पुढचं ते वाचतील. आणि वाचायच्या आधी वर्गाला सांगा, तुम्हाला काय हवं आहे : ‘आज नुसतं ऐका’, किंवा ‘बाबा डोळ्यांसमोर आले का तेवढं सांगा’, किंवा ‘कुठे कंटाळा आला ते सांगा’. हे तिन्ही मागता येतं. कुणी ‘माझ्या सासऱ्यांचंही अगदी असंच झालं’ म्हणून स्वतःची गोष्ट सुरू केली, तर सरांनी तिथेच थांबवावं, हेही आधी ठरवून घ्या. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर लगेच घरच्या कामाला जुंपून घेऊ नका, संध्याकाळी मन जड राहील.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती पानं टाकू नका, इतरांनाही टाकू देऊ नका. ग्रुपवरून पुढे कुठे जातं ते आपल्या हातात राहत नाही. काकांच्या लेखात काकू आहेत, तशी तुमच्या पानांत आई असेल, भाऊ असेल, दवाखान्यात कोण थांबलं आणि कोण थांबलं नाही हेही असेल. बाबांना आता विचारता येत नाही, आईला येतं. रविवारच्या आधी एकदा तिच्याजवळ बसून ते पान तिला वाचून दाखवा, आणि ती एखादी ओळ काढ म्हणाली तर काढा.